चवथीला चौघं एकाच गाडीतून

२२ जून २०२५, रविवार. बाहेर धो धो पाऊस आणि जहाजावरून नवऱ्याचा फोन. साइन-ऑफची, म्हणजे करार संपवून जहाजावरून उतरायची, तारीख ठरली होती: १२ ऑगस्ट, रॉटरडॅम. म्हणजे यंदाच्या चवथीला, गणेश चतुर्थीला, तो घरी असणार, दोन वर्षांनी. बोलता बोलता म्हणाला, "यंदा काणकोणला आपण चौघं मस्टँगमधून जाऊया का गं?"

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो; काणकोणला त्याचं गावचं घर. मी लगेच हो म्हटलं नाही. ही गाडी त्याने २०१९ साली सेकंडहँड घेतली, तेव्हा आम्ही दोघंच होतो. पाच लिटरचं व्ही-आठ इंजिन, दोन दारं, मागे दोघांचीच बैठक. फेब्रुवारी २०२१ मध्ये चिऊ झाली, जुलै २०२४ मध्ये बाबू, आणि गाडी हळूहळू कव्हरखाली गेली. आठवड्यातून एकदा चालू करायची, फर्मागुडीपर्यंत एक फेरी मारायची, परत आणून ठेवायची, एवढंच. घरचं सगळं काम छोट्या हॅचबॅकवर चालतं.

मी त्याला सांगितलं, "दोघांच्या सीट नीट बसल्या तर जाऊ. नाही बसल्या तर गाडी विकूया." थोडा वेळ फोनवर नुसता इंजिनरूमचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "चालेल."

त्यानंतरचे नऊ आठवडे मी जे केलं ते इथे लिहिते आहे. दोन दारांच्या गाडीत लहान मुलांच्या सीट कशा बसवायच्या याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं, आणि कुणाला तरी यातून एक-दोन चुका वाचवता येतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घरात तोच पहिला वाद झाला. बाळाला मांडीवर घेऊन बसणं हा आमच्याकडे पर्याय नाही. धडक बसते तेव्हा नऊ किलोचं बाळ नऊ किलोचं राहत नाही, कुणाच्याही हातांना ते धरवत नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आमची सगळी स्कूटरवर पुढे उभी राहून वाढली." खरं आहे, मीही तशीच वाढले. पण आता स्कूटरसाठीसुद्धा नियम आहे: १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा लागतो, वेग ४० च्या वर न्यायचा नाही. गाडीसाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना असेल तर १,००० रुपये दंड. हे वाचून दाखवल्यावर आई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मग मी कुठे बसू?" त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

२८ जूनला, शनिवारी दुपारी बाबू झोपल्यावर, मी हॅचबॅकमधली चिऊची सीट काढून मस्टँगमध्ये न्यायचा प्रयत्न केला. चाळीस मिनिटं गेली. सीट दारातून आत जाईना. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून, पाठ वाकवून, आडवी करून शेवटी कशीबशी घातली. आत गेल्यावर कळलं की तिचं डोक्याकडचं टोक मागच्या उतरत्या काचेला टेकतंय. ती सीट जुनी, उंच पाठीची, गाडीच्या पट्ट्याने बांधायची. साध्या गाडीत छान बसते. इथे नाही.

त्या दिवशी एक चांगली गोष्ट सापडली. मागच्या बैठकीत, पाठ आणि गादी यांच्या फटीत बोटं घालून चाचपलं तर धातूच्या दोन कड्या हाताला लागल्या. याच आयसोफिक्सच्या कड्या, म्हणजे चाइल्ड सीट गाडीच्या पट्ट्याविना थेट गाडीला जोडायच्या. जगभर सगळीकडे सारख्या: ६ मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून २८ सेंटीमीटर अंतरावर. मागच्या काचेखालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली आणखी एक आकडा असतो, तो टॉप टेदरसाठी, म्हणजे सीटच्या डोक्याकडून मागे जाणाऱ्या पट्ट्यासाठी. सहा वर्षं गाडी घरात असून मी ते झाकण पहिल्यांदाच उघडलं. तुमच्या गाडीत हे कुठे आहे ते दुकानात जायच्या आधी बोटांनी शोधून ठेवा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते, मुलांच्या सीटचं प्रकरण त्यात वेगळं असतं.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी युरो एनकॅपचा, म्हणजे युरोपात गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचा, अहवाल वाचला. वाचायला नको होता असं दोन दिवस वाटत राहिलं. आता वाटतं, तो वाचला नसता तर चुकीची सीट घेतली असती. जानेवारी २०१७ मध्ये या पिढीच्या मस्टँगला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. मुलांच्या सुरक्षेचे गुण ३२ टक्के. मागच्या पट्ट्यांना प्रिटेन्शनर नव्हते आणि लोड लिमिटरही नव्हते. प्रिटेन्शनर म्हणजे धडक बसताक्षणी पट्टा मागे खेचून घट्ट करणारी यंत्रणा. लोड लिमिटर म्हणजे छातीवरचा ताण फार वाढू लागला की पट्टा जरा सोडणारी. समोरून धडकेच्या चाचणीत मागे बसवलेला पुतळा पट्ट्याखालून पुढे सरकला होता. त्याच वर्षी सुधारलेल्या गाडीला तीन तारे मिळाले, पण आमची गाडी सुधारणेआधीच्या रूपाची.

मी ते सगळं नवऱ्याला पाठवलं. दोन दिवसांनी जहाजाला नेट मिळालं तेव्हा त्याचं उत्तर आलं: "विकूया का?" प्रामाणिकपणे सांगते, त्या क्षणी मलाही तेच वाटलं होतं.

पण आमच्या मुलांसाठी याचा नेमका अर्थ काय, हे मी नीट समजून घेतलं. बूस्टर सीटवर बसलेल्या मुलाला गाडीचाच पट्टा धरून ठेवतो; बूस्टर फक्त मुलाला उंच करतो. म्हणजे मागचा पट्टा साधा असेल तर त्याचा साधेपणा थेट मुलापर्यंत येतो. याउलट हार्नेसच्या सीटला स्वतःचे पाच टोकांचे पट्टे असतात, आणि ती सीट आयसोफिक्सने व टेदरने थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. गाडीच्या पट्ट्याचा तिथे संबंधच येत नाही. चिऊची उंची जूनमध्ये १०२ सेंटीमीटर होती. नियमाप्रमाणे १०० च्या पुढे उंच पाठीचा बूस्टर चालतो, आणि तो स्वस्त, हलका, दोन दारांच्या गाडीत घालायला सोपाही. तरी या गाडीत तिला हार्नेसच हवा असं मी ठरवलं. बाबूसाठी तर प्रश्नच नव्हता, तो उलट तोंडाच्या सीटमध्येच. आर१२९ हा युरोपचा नवा नियम आहे, त्यात पंधरा महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावं लागतं. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची. मागे तोंड असलं की झटका पाठीवर पसरतो. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर अशी सीट कधीही लावायची नाही. सनवायझरवर त्याचं चित्रच असतं.

आता माझी चूक. ३ जुलैला मी बाबूसाठी ऑनलाइन सीट मागवली, ३६० अंशांत फिरणारी, १८,५०० रुपयांची. कुणालाही विचारलं तर हीच सांगतात: सीट दाराकडे वळवायची, बाळ बसवायचं, परत फिरवायची. ९ तारखेला आली. गाडीत बसवली, हिरवी खूण दिसली, मी आनंदाने सीट बाजूला वळवली, आणि बाबूची बसायची जागा दाराकडे नाही तर बंद पत्र्याकडे आली. दोन दारांच्या गाडीत दार मागच्या सीटच्या पुढे असतं, बाजूला नसतं! फिरणाऱ्या सीटचा सगळा उपयोग शेजारी उघडणाऱ्या दारासाठी आहे. वर त्या फिरत्या पायामुळे सीट इतकी उंच झाली की बाबूला घालताना त्याचं डोकं छताला लागायला आलं. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं, आणि मी स्वतः विचार करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी परत पाठवली. खोकं आणि आतला थर्माकोल जपून ठेवला होता म्हणून घेतली. पैसे २१ जुलैला जमा झाले.

मग चिऊच्या सीटसाठी पणजीतल्या एका दुकानात गेले. तिथे सीट गाडीत लावून बघायला दिली नाही. "सील तोडलं की विकत घ्यावी लागेल," म्हणाले. मी निघून आले. मडगावच्या एका छोट्या दुकानात मात्र मालक स्वतः शोरूमचा नमुना खांद्यावर घेऊन, दुसऱ्या हातात छत्री धरून पार्किंगपर्यंत आले. "बाई, पैशांचं नंतर. आधी बसवून बघूया." आम्ही अर्धा तास ओणवे होऊन ती सीट लावली. टेदरचा पट्टा मागच्या फळीवरच्या आकड्यात अडकवून ताणला, सीट पट्ट्यांच्या जागेपाशी धरून हलवली. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये, ही अर्ध्यापेक्षाही कमी हलली. डोक्याकडचं टोक काचेपासून चार बोटं दूर राहिलं. चिऊ बसली, पाय पुढच्या सीटच्या पाठीला टेकले. "आई, इथून काही दिसत नाही," ती म्हणाली. मागच्या खिडक्या खरंच इवल्याशा आहेत.

ती सीट घेतली. १६,९०० रुपये. तिच्यावरच्या नारिंगी लेबलवर आर१२९ आणि ७६ ते १५० सेंटीमीटर असं लिहिलं आहे. हार्नेस १०५ सेंटीमीटरपर्यंत, पुढे तीच सीट बूस्टर होते. लेबल दुकानातच वाचा, आणि वर्तुळात ई हे अक्षर व त्याशेजारी आकडा आहे का ते बघा. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे, त्याचा उल्लेखही चालतो. नुसता 'सेफ्टी टेस्टेड' असा चकचकीत स्टिकर असेल तर घेऊ नका.

राहिला बाबू. उलट तोंडाच्या सीटचे आकाराप्रमाणे वर्ग असतात: सी सर्वांत मोठा, डी त्याहून आखूड, ई अगदी तान्ह्यांचा. नव्या नियमात त्यांनाच आर३, आर२, आर१ म्हणतात. मला आर२ हवी होती, शक्य तितकी अरुंद, न फिरणारी. गोव्यात मला ती मिळाली नाही. नवरा म्हणाला, रॉटरडॅमला उतरल्यावर मी घेतो. म्हणजे सीट तिकडे घ्यायची आणि गाडी इथे फोंड्यात. लावून बघण्याचा प्रश्नच नाही, आणि चुकली तर परत द्यायला कोण जाणार?

म्हणून २० जुलैच्या रविवारी मी खोकी कापली.

शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं मागून आणलं. तिकडच्या दुकानांच्या संकेतस्थळांवर तीन सीटची मापं दिलेली होती, लांबी, उंची, रुंदी, उलट तोंडाने बसवल्यावरची. बाजूने सीट जशी दिसते तसा आकार पेनने खोक्यावर काढला, दोन सारखे तुकडे कापले, मध्ये ४४ सेंटीमीटरच्या आडव्या पट्ट्या लावून तपकिरी टेपने घट्ट बांधलं. चिऊने त्यावर डोळे आणि नाक काढलं. असे तीन साचे झाले. दिवाणखान्यात नुसते पुठ्ठ्याचे तुकडे आणि मधोमध बसून टेप चघळणारा बाबू!

साचा मागे ठेवायच्या आधी पुढची सीट कुठे असेल हे ठरवावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. नवरा पाच फूट दहा इंच, मी पाच फूट दोन. उलट तोंडाच्या सीटला पुढून सर्वांत जास्त जागा लागते, म्हणून ती बुटक्या माणसाच्या मागे. इथवर सोपं. आधी मी धरून चालले होते की तो चालवणार आणि मी शेजारी. पण मग चिऊ त्याच्या मागे, आणि चालवणाऱ्याला तडजोड करता येत नाही: ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे, छाती स्टीअरिंगपासून किमान २५ सेंटीमीटर दूर. शेजारी बसणारा मात्र गुडघे थोडे वर घेऊन, पाठ सरळ करून तास-दीड तास बसू शकतो. म्हणजे आमच्यात मी चालवायचं, बाबू माझ्या मागे, तो डावीकडे आणि चिऊ त्याच्या मागे.

मी चालकाच्या जागी बसून सीट लावली, टेपने मोजलं: स्टीअरिंग ते छाती २९ सेंटीमीटर. मग मागे जाऊन माझ्या सीटच्या पाठीपासून मागच्या बैठकीच्या पाठीपर्यंत मोजलं: ६९. पहिला साचा अडकला. दुसरा बसला पण माझ्या सीटला दाबून. तिसरा, सर्वांत सरळ कोनात ठेवता येणारा, बसला आणि दोन बोटं जागा उरली. मूल मान धरून नीट बसू लागलं की पुष्कळ सीट जरा उभ्या कोनात लावायची मुभा देतात, आणि तिथेच पुढची जागा वाचते. पण किती उभी, हे त्या त्या सीटच्या पुस्तिकेत असतं, आपल्या मनाने नाही. पुढच्या सीटला टेकलेली चालते की नाही, हेही त्याच पुस्तिकेत.

फोटो, मापं, गाडीचं वर्ष, सगळं नवऱ्याला पाठवलं. आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हाच कळली: नवीन आय-साइझ सीट (आर१२९ नियमाप्रमाणे बनलेली) आय-साइझची खूण नसलेल्या जुन्या गाडीत चालेलच असं नाही, सीटच्या कंपनीची गाड्यांची यादी असते ती तपासावी लागते. दुकानदाराने यादीत आमची गाडी दाखवली, नवऱ्याने स्क्रीनचा फोटो पाठवला, मगच पैसे दिले. १५९ युरो, साधारण सोळा हजार रुपये. विमानात जादा बॅगेचे ७५ युरो वेगळे. ते आम्ही हिशेबात धरलेच नव्हते.

कस्टम्सचं थोडं लिहिते, कारण गोव्यात दर दुसऱ्या घरात कुणीतरी जहाजावर आहे. परदेशातून येणाऱ्याला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त होतं. पण जहाजावरच्या माणसाला ही सवलत करार संपवून, हिशेब पूर्ण होऊन उतरतानाच मिळते. मध्येच बंदरावर उतरणाऱ्याला तेव्हा फक्त १,५०० रुपयांच्या किरकोळ भेटवस्तू आणता येत होत्या. म्हणून साइन-ऑफचं पत्र, सीडीसीवरचा (खलाशाच्या नोंदपुस्तिकेवरचा) शिक्का आणि सीटचं बिल त्याने हातातल्या बॅगेत वर ठेवलं. तपासणी मुंबईतच झाली. मोठं खोकं बघून अधिकाऱ्यांनी विचारलं, त्याने कागद दाखवले, पाच मिनिटांत सोडलं. १४ ऑगस्टला रात्री तो मोपाच्या विमानतळावर उतरला. बाबूने त्याला ओळखलं नाही, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

१५ ऑगस्टला झेंडावंदनाहून आल्यावर सीट बसवली. पहिल्या वेळी एक तास दहा मिनिटं. आयसोफिक्सचे दोन्ही हात कड्यांत गेल्याचे दोन वेगवेगळे 'टक्' ऐकू आले पाहिजेत, एक नव्हे. दोन्ही बाजूंची खूण हिरवी. सीटला पुढे एक पाय असतो, तो जमिनीवर ठाम टेकला पाहिजे, पण सीटला वर उचलता कामा नये. आमचा पहिल्यांदा पायपुसणीवर टेकला होता. पायपुसणी काढली, पुन्हा लावला. हार्नेसचे पट्टे उलट तोंडाला खांद्याच्या पातळीत किंवा जरासे खालून यायला हवेत, पुढे तोंडाला खांद्याच्या पातळीत किंवा जरासे वरून. ताणल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत पकडता येऊ नये. दुसऱ्या दिवशी सगळं काढून पुन्हा लावलं: बारा मिनिटं. एकदा काढून परत लावून बघाच, हाताला कळतं.

मुलांना आत घालायची पद्धत बसायला चार-पाच दिवस गेले. चिऊ डावीकडून स्वतः चढते. बाबूसाठी माझी सीट पूर्ण पुढे, पाठ वाकवून, मी एक पाय आत ठेवून अर्धी आत जाते आणि नवरा बाहेरून त्याला माझ्या हातात देतो. दार लांबलचक आहे, फोंड्याच्या बाजारात दोन गाड्यांमध्ये ते निम्मंसुद्धा उघडत नाही. आणि बाबूची बाजू रस्त्याकडची, म्हणून त्याला रस्त्यात कधीच चढवायचं-उतरवायचं नाही, अंगणातच किंवा मोकळ्या आवारात. मग माझी सीट परत बरोब्बर त्याच जागी यायला हवी. त्यासाठी सीटच्या बाजूला खाली पांढऱ्या टेपची बारीक पट्टी चिकटवली आहे, तिथे आली की थांबायचं. साधी युक्ती, पण रोज उपयोगी पडते.

आठवड्याच्या त्या एका फेरीपलीकडे गाडी मी तीन वर्षांत चालवली नव्हती. पावसात, मागच्या चाकांना इतकी ताकद असलेली गाडी, मागे दोन मुलं. मला भीती वाटत होती आणि मी ती लपवली नाही. तीन सकाळी नवऱ्याला शेजारी बसवून कवळे-फर्मागुडी फेऱ्या मारल्या, ओल्या रस्त्याचा मोड लावून, ॲक्सिलरेटर अगदी हलक्या पायाने. १७ तारखेला मुलांसकट म्हार्दोळपर्यंत. थंड इंजिन चालू होताना जो गडगडाट होतो त्याने बाबू दचकला आणि अर्धी वाट रडला. आता आधी गाडी चालू करून अंगणात आणतो, आवाज खाली बसू देतो, मगच त्याला आणतो. चिऊची दिसत नसल्याची तक्रार होतीच. तिला वाटेतले पूल मोजायचं काम दिलं.

२६ ऑगस्टला, तयेच्या म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊला निघालो. आई दिरांच्या हॅचबॅकमधून मागे, त्यांनी स्वतःच ठरवलं, "माझे गुडघे तुमच्या त्या गाडीत वाकायचे नाहीत, आणि माटोळीचं सामान कुणीतरी सांभाळायला हवं." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळापानांची चौकट; तिची सुपारीची शिपटी, नारळाची पेण, तवशी सगळं त्यांच्याकडे. आमच्या डिकीत मुलांचे कपडे आणि बाबूची घडीची गाडी, तेवढंच. आईंना आमच्याबरोबर घेता आलं नाही याची रुखरुख मला आहे. या गाडीत पाचवं माणूस बसत नाही, आणि हे कुठल्याही सीटने सुटणारं नाही.

बोरीचा पूल आला तेव्हा चिऊ ओरडली, "एक!" मडगाव ओलांडेपर्यंत बाबू झोपला. बाळ्ळीला पंधरा मिनिटं थांबलो, एका देवळाच्या आवारात, दोघांना बाहेर काढून हातपाय मोकळे केले. करमल घाटात धुकं होतं आणि मी तिसाच्या वर गेले नाही. मागे एका ट्रकने दोनदा हॉर्न दिला, दिला तर दिला. एका वळणावर नवऱ्याने मागे वळून बघितलं आणि काही बोलला नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आरशातून बघितलं: चिऊची मान सीटच्या कानाला टेकलेली, तोंड उघडं. काणकोणातल्या पैंगीणला घराच्या अंगणात पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते.

काणकोणच्या घरात माजघराच्या चौकटीवर नवऱ्याच्या आणि दिरांच्या लहानपणच्या उंचीच्या खुणा आहेत, पेन्सिलीच्या, सासऱ्यांच्या अक्षरात तारखांसकट. चवथीच्या संध्याकाळी आरतीनंतर चिऊला तिथे उभं केलं. १०३. नवऱ्याने तिची रेघ ओढली, मग टेप धरून दोन सेंटीमीटर वर आणखी एक बारीक रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: हार्नेस.